तान्ह्या पोळ्याला परत बोलावलेल्या गाड्या

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आमचे दुकान दुपारपर्यंतच उघडे असते. त्या सकाळी माझे दीर गल्लीतल्या मुलांच्या लाकडी नंदीबैलांना जुन्या बेअरिंगची चाके बसवून देत होते, तेवढ्यात एक दूधवाले आपली शंभर सीसीची गाडी हाताने ढकलत दारात आले. "भाऊ, मांगचं कॅरिअर हलून राह्यलं, नट कसून द्या," एवढेच त्यांचे म्हणणे होते. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दुधाचे दोन्ही कॅन उतरवायला लावले, सीट काढली आणि फ्रेमच्या उजव्या नळीवरून बोट फिरवत नेले. कॅरिअरच्या जोडापाशी ते बोट थांबले. नट घट्ट होते, हलत होती ती फ्रेमच.

वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे) तालुक्यात, नागपूर-अमरावती महामार्गापासून थोडे आत आमचे दुकान आहे. गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे मोटारसायकलीत बदल करून देणे हा आमचा घरचा धंदा. वेल्डिंग मामाजींचे, लेथ आणि इंजिनाचे काम माझ्या पतींचे, टाकीचे रंगकाम दिरांचे, आणि सासूबाई पायमशीनवर सीटची रेक्झिन शिवतात. त्यांची शिवण पावसाळ्यात पाणी आत घेत नाही, म्हणून लांबून लोक केवळ सीटसाठी येतात. बी.कॉम. होऊन मी या घरात आले तेव्हा दुकानात हिशोब होता, पण कामाची नोंद नव्हती. कोणत्या गाडीवर, कोणत्या तारखेला, काय केले, हे एका वहीत लिहायला मी सुरुवात केली, तेव्हा सगळ्यांना ती माझी हौस वाटली होती.

शहरातल्या दुकानांत लांब हँडल आणि रुंद टायर यांची मागणी असते, तर आमच्याकडे काळ्या मातीचा चिखल अडकून चाक जाम होऊ नये म्हणून पुढचे मडगार्ड उचलून द्यावे लागते, अपंग गिऱ्हाइकांच्या गाडीला आधाराची चाके लावावी लागतात, आणि सर्वांत जास्त काम दुधाच्या कॅरिअरचे असते. हा पट्टा गवळाऊ गाईंचा. आर्वी, आष्टी आणि कारंजा तालुक्यांत नंदगवळी समाजाने ती जनावरे पिढ्यान्पिढ्या सांभाळली आहेत. पहाटे दूध घेऊन निघणाऱ्या माणसाची गाडी बंद पडली, तर त्याचा त्या दिवसाचा माल नासतो.

फ्रेम कापायची नाही, हा मामाजींचा नियम माझ्या लग्नाच्याही आधीपासूनचा. नोंदणी प्रमाणपत्रातल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करू नये, असे मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 सांगते. पण मामाजी कायद्यापेक्षाही ज्या नळ्यांवर माणसाचा जीव तोललेला असतो त्यांचा विचार अधिक करतात. चांगली रक्कम देणारी गिऱ्हाइके त्यांनी या कारणावरून परत पाठवलेली मी पाहिली आहेत. असे असताना आदल्या वर्षी आमच्या हातून एक चूक झाली होती. खड्ड्यांनी कॅरिअरचे बोल्ट ढिले होतात अशी तक्रार वारंवार आल्यामुळे आम्ही बोल्टऐवजी कॅरिअरचे पाय सरळ फ्रेमला वेल्ड करू लागलो होतो. गिऱ्हाइके खूश होती आणि तक्रारी थांबल्या होत्या.

सीट काढलेल्या त्या गाडीपाशी मामाजी बराच वेळ बसून राहिले. मग त्यांनी मातीतेलात भिजवलेली चिंधी जोडावर फिरवली, थोड्या वेळाने ती जागा कोरडी पुसली आणि वरून मुलांच्या पाटीवरचा खडू कुस्करून चोळला. भेगेत मुरलेले तेल हळूहळू बाहेर आले आणि पांढऱ्या खडूवर केसाएवढी काळी रेघ उमटली. ती रेघ वेल्डिंगवर नसून त्याच्या अगदी कडेला, नळीला आडवी गेलेली होती. आडव्या वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ नळीचा गुण बदलतो. त्यात 40 लिटरचे दोन कॅन म्हणजे नुसते दूधच 80 किलोंच्या वर, आणि तेही मागच्या चाकाच्या आसाच्या पलीकडे लोंबणारे, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला त्याच कडेवर ताण येत राहतो.

"कापली नाही, पन भाजली आपन," मामाजी म्हणाले, आणि थोडे थांबून, "सूनबाई, वही आण."

वहीत असे अकरा कॅरिअर निघाले. दूध नासू नये म्हणून मामाजींनी त्या दूधवाल्यांना आपली राजदूत दिली. एस्कॉर्ट्सची, 173 सीसी टू-स्ट्रोक इंजिनाची ती गाडी ते एरवी पोटच्या मुलांच्याही हाती देत नाहीत. मी एकेक क्रमांक लावून सांगू लागले की आजपासून कॅन लादू नका, गाडी घेऊन या, पैसे लागणार नाहीत. दोघांनी आधी विश्वासच ठेवला नाही. पुढे मजुरी काढण्याची ही युक्ती असेल असे त्यांना वाटले. एकाने "चालून तर राह्यलं ना बाप्पा" म्हणून फोन ठेवला, तेव्हा माझे पती स्वतः त्याच्या गावी गेले. दुपारी मुले आपापले नंदी ओढत मिरवणुकीला निघाली, तेव्हा दुकानासमोर सहा गाड्या उभ्या होत्या.

त्या सहांपैकी दोन गाड्यांवर खडूने रेघ दाखवली. भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्र पाडून ती पुढे सरकण्यापासून थांबवली, खाचा घासून नव्याने भरल्या आणि वरून नळीच्या लांबीच्या दिशेने पट्टी बसवली. तरीही या गाड्यांवर पुन्हा दूध लादायचे नाही, असे मालकांना स्पष्ट सांगितले. उरलेल्या चार गाड्यांचे वेल्डिंग घासून काढले. नवे कॅरिअर शॉकअबच्या वरच्या बोल्टवर आणि फुटरेस्टच्या बोल्टवर पेलले, मध्ये रबर घातले, डबल नट लावले, आणि कॅन इतके पुढे आणले की त्यांचे वजन आसाच्या पुढे पडावे. पाय मागे घेताना कॅन टाचेला लागतो, अशी कुरबूर एकाने केली. मामाजींनी त्याच्याकडे न पाहता सांगितले, "लागू दे." रात्री लोखंडाचे पैसे कमी पडले, तेव्हा सासूबाईंनी रेक्झिनसाठी बाजूला ठेवलेली रक्कम काही न बोलता माझ्यासमोर ठेवली.

राहिलेल्या पाचांपैकी चार गाड्या पुढच्या दोन दिवसांत आल्या आणि चारही निर्दोष निघाल्या. अकरावी गाडी मात्र मालकाने वरुडकडच्या एका संत्रा व्यापाऱ्याला विकून टाकली होती, आणि त्याने ती पुढे कोणाला दिली होती. माझे दीर दोनदा तिकडे जाऊन आले. वहीतल्या त्या ओळीसमोर मी खूण केलेली नाही. आठवडी बाजारात मामाजी भाजीच्या पिशव्या माझ्याकडे देतात आणि दूध किंवा संत्र्याचे ओझे लादलेल्या प्रत्येक गाडीच्या सीटखाली वाकून पाहतात.