पगारही आहे, बिलंही फाडता. मग निवृत्तीचे पैसे कुठे?

तुम्ही विचारलंत म्हणून. नोकरी चालू आहे, शिवाय बाहेरची कामं घेऊन स्वतःची कमाई होते. अशा वेळी व्हीपीएफ (पगारातून स्वेच्छेने कापून घेतलेला जादा भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे पीएफ), पीपीएफ (कुणालाही उघडता येणारं सरकारी भविष्यनिर्वाह खातं) की एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना)?

व्याजदराआधी पैसा कुठल्या खिशातला आहे ते बघा. पीएफमध्ये पगारातून कापलेलाच पैसा जातो. क्लायंटने दिलेले पन्नास हजार व्हीपीएफमध्ये भरता येत नाहीत. पण वाट आहे. पगारातली व्हीपीएफ कपात वाढवून घ्या आणि घरखर्च बाहेरच्या कमाईवर चालवा.

किती वाढवायची? महिन्याचा बेसिक (मूळ पगार) ६०,००० धरला तर पीएफच्या नेहमीच्या १२ टक्के कपातीने तुमचा वर्षाचा वाटा ८६,४०० रुपये. स्वतःच्या वाट्याचे वर्षाला अडीच लाख ओलांडले की वरच्या रकमेच्या व्याजावर कर लागतो. म्हणजे जागा उरली १,६३,६०० ची, महिन्याला साधारण १३,६००. पीएफला २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज मिळालं, पीपीएफ एप्रिल २०२० पासून ७.१ वरच बसलाय. तेव्हा आधी व्हीपीएफ. मात्र बऱ्याच कंपन्या हा आकडा वर्षातून एकदाच, एप्रिलच्या सुमारास बदलू देतात. क्लायंट पैसे थकवतात, कपात थांबत नाही. सहा महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तर निम्म्यावरच थांबा.

मग एचआरला विचारा, कंपनीमार्फत एनपीएस आहे का? नव्या करप्रणालीत कंपनीने बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत भरलेल्या रकमेची वजावट मिळते. वरच्या उदाहरणात महिना ८,४००. बहुतेक ठिकाणी ते तुमच्याच सीटीसीतून (कंपनी तुमच्यावर करत असलेल्या एकूण खर्चातून) निघतात, फुकट काही नाही, पण करमुक्त जातात. तोच पैसा स्वतः भरलात तर नव्या प्रणालीत वजावट शून्य. जुनीत ८०सी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दीड लाखांच्या वजावटीखेरीज ५०,००० ची मिळते. आधीचं प्रान (एनपीएसचा कायमचा खाते क्रमांक) असेल तर तेच कंपनीला द्या, दुसरं काढायचं नसतं. पैसा बराच काळ अडकतो आणि काही भाग ॲन्युइटीत (ठरावीक पेन्शन देणाऱ्या विमा योजनेत) घालावा लागतो, हे गृहीत धरूनच रक्कम ठरवा.

करप्रणालीचा सापळा मात्र तुमच्यासारख्यांसाठीच आहे. नुसता पगारदार दरवर्षी नवी-जुनी बदलू शकतो. व्यवसायाचं उत्पन्न असलेल्याने एकदा जुनी निवडली आणि मग नव्यात परतला, की ते उत्पन्न असेपर्यंत जुनीची दारं बंद. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा सल्ला इथे चालत नाही.

पीपीएफ शेवटी, पण अनियमित कमाईला तोच सोयीचा: वर्षाला किमान ५००, कमाल दीड लाख, हवे तेव्हा भरा. एकाच्या नावावर एकच खातं. अल्पवयीन मुलाच्या खात्यात तुम्ही भरलेले पैसेही त्याच दीड लाखात मोजतात. महिन्याच्या ५ तारखेनंतर भरलेल्या रकमेला त्या महिन्याचं व्याज नाही, तेव्हा बिलाचे पैसे ४ तारखेला आले तर त्याच दिवशी वळते करा.