मेणवलीच्या घाटावर दगड वाचताना

एका मुलांच्या पुस्तकासाठी मी नदीचा घाट काढत होते. पायऱ्या, वर वडाचं झाड, पाण्यात पाय सोडून बसलेली मुलगी. पायऱ्यांना दगडाचा पोत हवा होता, म्हणून जालावरच्या एका मोफत संग्रहातून फोटो उतरवून घेतला, थोडा काळा केला आणि चित्रावर पसरला. संध्याकाळी बाबांना दाखवलं. त्यांचं लहानपण कृष्णेच्या काठी गेलंय. बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "चित्र चांगलं झालंय. पण हा दगड आपल्याकडचा नाही गं."

बाबांचं बरोबर होतं. मूळ फोटो वालुकाश्माचा होता. वालुकाश्म थराथरानं झिजतो, त्याचे कण सुटतात, कडा गोल होतात. आपला काळा पाषाण तसा झिजत नाही. मी फक्त रंग बदलला होता, झीज त्या परक्या दगडाचीच राहिली होती. मग ठरवलं, वाईला जायचं आणि घाटाचे फोटो आपण स्वतः काढायचे.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात स्वारगेटहून सकाळची पहिली गाडी धरली. खंबाटकी घाट ओलांडला, सुरूर फाट्याला गाडी आत वळली आणि आभाळ भरून आलं. शेजारच्या बाई सोयाबीनच्या काळजीनं आभाळाकडे बघत होत्या, मला मात्र तेच हवं होतं. पोताचा फोटो कडक उन्हात काढला की प्रत्येक खड्ड्यात एका बाजूची सावली गोठते. तो फोटो चित्रात टाकला की चित्रातला सूर्य डावीकडे आणि दगडावरचा उजवीकडे, असा घोळ होतो. ढगाळ उजेड चारी बाजूंनी सारखा पडतो. मग दगडावर फक्त दगड दिसतो.

वाईत आधी ढोल्या गणपतीला गेले. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेलं हे देऊळ अगदी नदीला लागून आहे. गाभाऱ्याची मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती केली आहे, म्हणजे पुराचं पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जातं. दर्शन घेऊन मी त्या मागच्या भिंतीपाशीच रेंगाळले. खालचे थर काळे आणि ओलसर. हाताला जरा वर टाकीचे, म्हणजे छिन्नीचे, घाव लागत होते, तिरपे, एकाच हातानं एका लयीत घातलेले. दोन चिऱ्यांवरच्या घावांची दिशा वेगळी होती, म्हणजे बहुधा पाथरवटही दोन. भिंतीचं मोजून एक चित्र घेतलं आणि रिक्षा करून मेणवलीला निघाले. अंतर जेमतेम तीन किलोमीटर.

मेणवली म्हणजे नाना फडणवीसांचा वाडा, आणि वाड्याच्या मागे कृष्णेवरचा चंद्रकोरीसारखा वळलेला घाट. तिथे पोचले तेव्हा नऊ वाजले होते. मी तिपाई लावली, कॅमेरा पायरीशी काटकोनात आणला, कोपऱ्यात सहा इंची पट्टी ठेवली, म्हणजे घरी गेल्यावर मापाचा अंदाज राहतो. रंग खरा यावा म्हणून पहिल्या फोटोत करडं कार्ड धरलं. ओल्या दगडावरची चकाकी मारायला भिंगावर पोलरायझरची काच चढवली. हे सगळं चाललेलं खालच्या पायरीवर धुणं धूत असलेल्या एक मावशी बघत होत्या.

"देऊळ सोडून पायरीचं फोटू काढतीस व्हय?"

मी सांगितलं, चित्रासाठी दगड हवाय, अगदी इथला.

"मग ती नगं काढू," त्या म्हणाल्या. "ती कुणी वापरत न्हाई, निसरडी हाय. ही बघ, ही धुन्याची."

त्यांच्या हाताखालची पायरी मधोमध किंचित खोलगट झाली होती. तिथला दगड काळा नव्हता, राखाडी होता, साबणानं आणि घासण्यानं उजळलेला, आणि तुकतुकीत. वीतभर बाजूला तोच चिरा खरखरीत आणि हिरवट. मावशी दाखवत गेल्या. इथे घागर टेकवतात, म्हणून कडेला टवका. हा भाग धोम धरणातून पाणी सोडलं की बुडतो, म्हणून इथवर पांढरी रेघ. इथे शेवाळ धरतं, कारण वरच्या पायरीचं पाणी इथेच झिरपतं. मी फोटो काढायचे सोडून वहीत लिहायला लागले. आजवर मी पोत म्हणजे चित्र पूर्ण झाल्यावर वरून चढवायचं एक कातडं समजत होते. मावशींच्या लेखी त्या दगडावरच्या प्रत्येक खुणेला कारण होतं, आणि कारण कळलं की ती खूण चित्रात कुठे बसेल आणि कुठे बसणार नाही, हेही आपोआप कळत होतं.

सगळ्यात मोठी गोष्ट तर डोळ्यासमोरच होती. पायरीची पाठ आणि पायरीचं कपाळ, म्हणजे उभी बाजू, यांचा पोत एक नाहीच. पाठीवरून पावलं जातात, ती गुळगुळीत होते. कपाळाला कुणाचा पाय लागत नाही, म्हणून तिथे टाकीचे घाव अजून शाबूत आहेत आणि सांध्यातून शेवाळ डोकावतं. माझ्या चित्रात मी दोन्हींवर एकच फोटो गुंडाळला होता.

या काळ्या पाषाणात अधूनमधून पांढरे ठिपके दिसतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास दख्खनवर लाव्हा पसरला, त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिओलाइटसारखी खनिजं भरली. हे ठिपके मला फार आवडले. दहा-बारा वेगवेगळे, अगदी जवळून टिपून घेतले.

घाटावरच मेणेश्वराचं देऊळ आहे आणि त्याच्याजवळ एका दगडी बांधकामात ती प्रसिद्ध घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हाच्या लुटीतली ही पोर्तुगीज घंटा. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. धातूवरचा हिरवट-तपकिरी गंज अप्रतिम होता. मी फक्त घंटेच्या मोकळ्या भागाचा फोटो घेतला. ज्या आकृतीपुढे माणसांनी हात जोडले, तिचे तुकडे करून कुठल्याशा चित्रातल्या लोखंडी दाराला ठिगळ म्हणून लावायला माझा हात धजावत नाही. पोत गोळा करणाऱ्या प्रत्येकानं ही रेघ स्वतःची स्वतः आखावी असं मला मनापासून वाटतं. मी माझी इथे आखली.

वाड्यात फार वेळ मिळाला नाही. भिंतीवरची जुनी चित्रं डोळे भरून बघितली, फ्लॅश अर्थातच बंद. एका कोपऱ्यात ओलीनं गिलाव्याला लोणा लागला होता आणि पापुद्रे सुटून आतला चुना दिसत होता. सागवानी खांबांवर माणसाच्या खांद्याच्या उंचीला लाकूड काळपट आणि चकचकीत झालं होतं, टेकून टेकून. ते दोन फोटो मिळाले, भरून पावले.

घरी आल्यावर चार रात्री त्या फोटोंवर बसले. ढगाळ उजेडातही फोटोचा एक कोपरा जरा उजळ असतो, तो आधी सपाट करावा लागतो. त्यासाठी मी चित्राच्या सॉफ्टवेअरमधला हाय पास फिल्टर वापरते. त्यानं मोठे उजेड-अंधार निघून जातात आणि मधल्या करड्या रंगावर फक्त बारीक खाचखळगे उरतात. हा थर ओव्हरले मोडमध्ये, म्हणजे खालच्या चित्रात मिसळेल असा, ठेवला की पन्नास टक्के करडा रंग खालच्या चित्राला धक्का लावत नाही. मी हातानं रंगवलेला निळसर काळा तसाच राहतो, त्याला फक्त खरखरीतपणा येतो. थराची तीव्रता पंचवीस-तीस टक्क्यांवर ठेवली. मुलांच्या पुस्तकात दगडानं मुलीपेक्षा जास्त बोलू नये.

मोठ्या भागासाठी पोत सलग जोडावा लागतो. ऑफसेटनं फोटो अर्धा सरकवला की कडांचे सांधे मधोमध येतात, मग ते क्लोन स्टॅम्पनं, म्हणजे शेजारचाच तुकडा उमटवत, बुजवायचे. पण एखादा ठळक पांढरा ठिपका राहिला की तो दर चार बोटांवर पुन्हा उगवतो आणि सगळं उघडं पडतं. म्हणून आधी सगळे ठिपके पुसून टाकले आणि शेवटी जवळून टिपलेले एकेक करून हातानं पेरले, कुठे दोन, कुठे एकही नाही. पाठीसाठी एक पोत, कपाळासाठी दुसरा. शेवाळ फक्त तिथे, जिथे वरून पाणी झिरपेल. आणि मुलीच्या शेजारी मधोमध खोलगट झालेली एक राखाडी पायरी.

बाबांनी नवं चित्र मोठं करून बघितलं. खोलगट पायरीवर बोट ठेवून आईला हाक मारली आणि त्यांच्या गावच्या घाटावर धुण्याच्या दगडासाठी सकाळी नंबर कसे लागायचे, ते सांगत बसले.

सगळ्यात खालच्या तीन पायऱ्या अजून राहिल्यात. त्या दिवशी त्या पाण्याखाली होत्या, म्हणून चित्रातही मी तिथवर पाणी चढवून ठेवलंय. मावशी म्हणाल्या होत्या, चैत-वैशाखात पाणी उतरलं की त्या दिसतात. तेव्हा पुन्हा जायचंय, आणि या वेळी बाबाही येणार आहेत.