दुसरा महिना

फिलाडेल्फियाच्या परिसरातील एका अभिलेखागारात मी जुन्या कागदपत्रांच्या नोंदी तयार करण्याचे काम करते. स्कॅन झालेले पान पडद्यावर उघडायचे, दिनांक, ठिकाण, लिहिणाऱ्याचे नाव आणि दोन ओळींचा गोषवारा ठरलेल्या रकान्यांत भरायचा आणि पुढच्या पानाकडे वळायचे, असा हा दिनक्रम आहे. गेल्या वर्षी एका मंगळवारी मात्र स्वतःचीच एक चूक दुरुस्त करता करता मी एका कागदापाशी दिवसभर अडकून पडले.

क्वेकर या ख्रिस्ती पंथातील लोकांनी गुलामगिरीला केलेल्या विरोधावर शाळकरी मुलांसाठी आम्ही एक लहानसे प्रदर्शन मांडत होतो. पहिल्या फलकावर फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउन वसाहतीतल्या १६८८ सालच्या निषेधपत्राची प्रतिकृती होती (मूळ कागद हॅवरफर्ड महाविद्यालयाच्या संग्रहात आहे) आणि तिच्याखाली मी दिलेला दिनांक छापून आला होता : १८ फेब्रुवारी १६८८. आमच्याकडे स्वयंसेवक म्हणून येणाऱ्या एका वयोवृद्ध क्वेकर बाई फलकासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी अगदी शांतपणे विचारले, "दुसरा महिना म्हणजे फेब्रुवारी, हे तुम्ही कशावरून ठरवलेत?"

कागदावर फक्त 'दुसऱ्या महिन्याचा १८वा दिवस' असे लिहिलेले होते. महिन्यांची आणि वारांची रूढ नावे मूर्तिपूजकांच्या देवांवरून आलेली आहेत म्हणून क्वेकर ती वापरत नसत, केवळ क्रमांक लिहीत. आणि इंग्लंड व त्याच्या वसाहतींत १७५२ पूर्वी नवे वर्ष मार्चमध्ये सुरू होत असल्यामुळे त्यांचा पहिला महिना मार्च आणि दुसरा एप्रिल. म्हणजे पत्र १८ एप्रिलचे. चैत्रापासून वर्ष मोजणाऱ्या घरात वाढलेल्या मला हे कुणीतरी समजावून सांगावे लागले, याची मला फार शरम वाटली; माझ्या आजीला ते एका वाक्यात कळले असते. हीच चूक माझ्याआधी अनेकांनी छापलेली आहे हे नंतर लक्षात आले, पण त्याने फलक दुरुस्त होणार नव्हता.

दिनांकाची खातरजमा करण्यासाठी मी संपूर्ण पत्र पुन्हा वाचायला घेतले. जर्मन आणि डच बोलणाऱ्या चौघांनी, म्हणजे गॅरेट हेंडरिक्स, डेरिक व अब्राहम ऑप डेन ग्राफ हे भाऊ आणि फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस यांनी, परक्या आणि काहीशा ओबडधोबड इंग्रजीत ते लिहिले आहे. भाषा अवघडलेली असली तरी मुद्दे सरळ आहेत. समुद्रात अनोळखी जहाज दिसले की ते तुर्कांचे असेल, आपल्याला पकडून विकतील, या भीतीने आपली गाळण उडते, मग इथे आपण दुसऱ्यांना विकत घेतो ते काय आहे? माणसे चोरणारे आणि ती विकत घेणारे, दोघे सारखेच नव्हेत का? इथे विवेकाचे स्वातंत्र्य आहे, तसेच शरीराचेही असायला हवे. इथले क्वेकर माणसांना गुराढोरांसारखे वागवतात असे युरोपात कळले तर आपली केवढी नाचक्की होईल, हे ऐकवायलाही ते विसरलेले नाहीत.

पण मी थबकले ती पत्राखालच्या शेऱ्यांपाशी. इकडे येण्यापूर्वी मी महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी कार्यालयात सहा वर्षे काढली आहेत, त्यामुळे शेरा दिसला की त्यामागची मान खाली घालून बसलेली माणसे मला दिसू लागतात. ३० एप्रिलला तिथल्या क्वेकरांच्या मासिक सभेने, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरील सभेने, लिहिले की विषय इतका वजनदार आहे की आम्ही इथे त्यात हात घालणे योग्य नाही, सबब त्रैमासिक सभेकडे पाठवीत आहोत. ४ जूनला फिलाडेल्फियाच्या त्रैमासिक सभेने लिहिले की निर्णय करण्याच्या दृष्टीने ही बाब आमच्यासाठीही फार जड आहे, सबब वार्षिक सभेकडे शिफारस. ५ सप्टेंबरला बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेच्या इतिवृत्तात नोंद झाली की या प्रश्नाचा इतर अनेक प्रदेशांशी संबंध असल्याने ठाम मत देणे उचित नाही आणि तूर्त ते देण्याचे टाळण्यात येत आहे. धोरणात्मक बाब, वरिष्ठांकडे सादर, नस्तीबद्ध करावे. मी मोठ्याने हसले, आणि मग हसू आवरले, कारण सभेत ज्यांच्या शब्दाला वजन होते त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी गुलाम होते. पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या विल्यम पेननेही गुलाम बाळगले होते.

एकाही शेऱ्यात पत्रातील मुद्दा चुकीचा आहे असे म्हटलेले नाही. उलट मासिक सभेने त्याचा आशय 'सत्याशी' जवळून निगडित आहे अशी कबुली दिली, आणि क्वेकरांच्या तोंडी 'सत्य' हा शब्द सहज येत नाही, तो त्यांच्या श्रद्धेचेच नाव आहे. कागद मात्र दप्तरात गेला तो गेलाच. १८४४ साली तो सापडला, पुन्हा हरवला आणि २००५ साली फिलाडेल्फियाच्या आर्च स्ट्रीटवरील सभागृहात परत मिळाला.

दुपारी मी उरलेले फलकही तपासले. एका फलकावर गुलामगिरीविरोधी क्वेकर बेंजामिन ले होता, जेमतेम चार फूट उंचीचा आणि पाठीला कुबड असलेला. १७३८ साली, त्याच बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेत, त्याने झग्याखाली सैनिकाचा वेश आणि तलवार लपवून नेली, पोकळ केलेल्या पुस्तकात दडवलेली लालभडक रसाची पिशवी तलवारीने भोसकली आणि गुलाम बाळगणाऱ्या मंडळींवर 'रक्ता'चे शिंतोडे उडवले. मुलांना हाच फलक सर्वांत आवडणार, हे उघड होते.

मला मात्र जॉन वुलमनच्या फलकापुढून हलवेना. न्यू जर्सीतील माउंट हॉली येथे तो तरुणपणी एका दुकानात कामाला होता आणि कागदपत्रेही लिहून देत असे. एके दिवशी मालकाने आपली गुलाम स्त्री विकली आणि त्याला खरेदीखत लिहायला सांगितले. घेणारा गृहस्थ तिथेच थांबला होता आणि तोही क्वेकरच होता. वुलमनने खत लिहिले. लिहिताना जिवाची तगमग झाली म्हणून मालकासमोर आणि त्या गृहस्थासमोर त्याने बोलून दाखवले की गुलाम बाळगणे आपल्या धर्माशी विसंगत आहे. पण खत लिहून झाले होते, आणि ती खंत त्याने आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवली. पुढे दुसऱ्या एकाने तसेच खत मागितले, तेव्हा त्याने नकार दिला. कुणाच्या तरी सांगण्यावरून कागद लिहिण्यात ज्याचे आयुष्य गेले आहे, त्याला त्या दोन खतांमधील अंतर किती असते ते नेमके ठाऊक असते. मी सरकारी नोकरीत लिहिलेले काही मसुदे मला त्या क्षणी आठवले.

१७५८ साली वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सदस्यांना सभेच्या कारभारातून दूर ठेवण्याचे ठरवले आणि गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरोघरी जाऊन समजावण्यासाठी वुलमनसह काही जणांना नेमले. गुलाम मुक्त न करणाऱ्यांना पंथाबाहेर काढण्याचा निर्णय १७७६ साली झाला. जर्मनटाउनच्या पत्रापासून अठ्ठ्याऐंशी वर्षांनी.

नवा फलक छापायला वेळ नव्हता, म्हणून 'फेब्रुवारी'वर 'एप्रिल'ची पट्टी चिकटवली. पट्टीचा रंग किंचित वेगळा दिसतो. त्या वृद्ध बाईंनी ती अंगठ्याने दाबून बसवली आणि म्हणाल्या, "आमच्या लोकांना याहून मोठ्या दुरुस्त्यांना जास्त वेळ लागला."

संध्याकाळी नोंदींच्या रांगेत पुढचे पान आले ते १७७६ सालच्या एका हस्तलिखित मुक्तिपत्राचे होते. मालकाने स्वतःच्या आणि आपल्या वारसांच्या वतीने एका लहान मुलीवरील हक्क सोडला होता, मात्र ती अठरा वर्षांची होईल तेव्हापासून. मुलीचे आडनाव कुठेच नव्हते, तेव्हा तो रकाना रिकामा ठेवावा लागला. दिनांक होता सातव्या महिन्याचा. हात सवयीने 'सप्टेंबर'कडे गेला, मग आठवले की हे १७५२ नंतरचे आहे, आणि मी 'जुलै' लिहिले.