डांगर काढायचं ते देठ बघून

परसातलं डांगर, म्हणजे लाल भोपळा, चांगलं मोठं दिसायला लागलं की घरात भाजीची घाई सुरू होते. पण आकार पुरा झाल्यावरही आत गर भरायचं काम चालूच असतं, आणि ते फक्त वेलीवरच होतं. फळ धरल्यापासून साधारण 45 ते 60 दिवस मी त्याला हात लावत नाही. मादी फूल उमललं की शेजारी चिंधी बांधून ठेवावी, म्हणजे हिशोब चुकत नाही. जूनअखेर लावलेल्या वेलाची डांगरं मराठवाड्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास येतात.

रंगावर माझा फारसा भरवसा नाही. काही वाण हिरवेच पिकतात, काही पिवळसर तपकिरी होतात. सालीची चकाकी जाऊन ती मंद पडली की देठाकडे बघायचं. हिरवा, रसदार देठ म्हणजे थांबा. तो सुकून कडक झाला, त्यावर भुरकट उभ्या रेघा उठल्या आणि देठाजवळचा ताणाही (वेलीचा गुंडाळलेला तंतू) वाळला, की फळ तयार. खात्रीसाठी सालीवर अंगठ्याचं नख दाबायचं. रुतलं आणि पाणी सुटलं तर अजून कोवळं आहे; पण नख हलकंच दाबा, कोवळ्या सालीची जखम तिथूनच सडते. टिचकी मारून आवाज ऐकणं कलिंगडाला ठीक. डांगराला त्याचा मला कधी उपयोग वाटला नाही.

घोळ होतो तो परतीच्या पावसात. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि फळ खालून सडतं. म्हणून आधीच प्रत्येक फळाखाली वीट किंवा तुराट्यांचा थर द्यावा. भुरीने (पानांवर पांढरी भुकटी आणणाऱ्या बुरशीरोगाने) पानं लवकर गेली तर गर पाणचट राहतो. फळमाशीने टोचलेलं फळही टिकत नाही. ही दोन्ही साठवणीतून बाद.

दव सुकल्यावर, धारदार कात्रीने, तीन बोटं देठ ठेवून कापा. पिरगाळू नका, देठाला धरून उचलूही नका. देठ मुळातून निघाला तर त्या खड्ड्यातून बुरशी आत शिरते; ते डांगर आठवड्यात संपवा. माती कोरड्या फडक्याने पुसायची, धुवायचं नाही.

मग दहा-बारा दिवस ओसरीत, वारा लागेल पण ऊन लागणार नाही असं, पोत्यावर एकेक सुटं मांडायचं. ऑक्टोबरची उष्णता यासाठी उत्तम, साल घट्ट होते. नंतर कोरड्या, थंड खोलीत फळीवर ठेवायचं आणि दर आठवड्याला उलटून बूड दाबून बघायचं. या काळात गरातल्या पिष्टाची (स्टार्चची) साखर होते, त्यामुळे महिनाभर थांबलेल्या डांगराच्या घाऱ्यांना गूळ कमी लागतो. चांगलं फळ थंडीत दोन-तीन महिने सहज राहतं. एप्रिल-मेमध्ये निघणारं उन्हाळी डांगर मात्र चाळीस अंशांत तग धरत नाही. ते साठवायच्या भानगडीत पडू नये.