गोणपाटातले शंभर दाणे

मे संपत आला होता. वाशीमला गाडीतून उतरलो तेव्हा जेमतेम साडेआठ वाजले होते, तरी उन्हाचा चटका बसत होता. रिसोडची एसटी धरली. दोन्हीकडे वखरून ठेवलेली काळी रानं, झाडाच्या सावलीला बैल. फाट्यावर इथल्या शेतकरी गटाचे भाऊ मोटारसायकल घेऊन उभे होते. "बैठक सातले हाये, आधी गोणपाट पाहू."

घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण तपासायला मारुतीच्या ओसरीवर ओल्या गोणपाटाच्या गुंडाळ्या रांगेने ठेवलेल्या, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी बांधलेली. गटाच्या सचिव ताईंनी एक उलगडली. दहा ओळी, ओळीत दहा दाणे. सातवा दिवस होता. कोंब नीट फुटलेले बोटाने मोजत त्या थांबल्या : अठ्ठावन्न. शंभरात सत्तर उगवले तर एकरी तीस किलो बियाणं पुरतं, अठ्ठावन्नला छत्तीस लागेल, हा हिशेब त्यांनी तोंडीच केला. दाण्याचा मालक शेजारीच मान खाली घालून उभा. मळणीच्या वेळी थ्रेशरचे फेरे जास्त ठेवले होते म्हणे. सोयाबीनचं साल पातळ, तेवढ्याने फुटतं. पुढची गुंडाळी पंच्याऐंशीची निघाली. त्या घरचं बियाणं ह्याने बदलून घ्यायचं, हे तिथल्या तिथे ठरलं. एकट्याने पेरलं असतं तर हेच जुलैत कळलं असतं, दुबार पेरणीच्या वेळी.

मला आमच्या गावचा गट आठवला. 2017 मध्ये राज्याची गटशेती योजना आली : किमान वीस शेतकरी, शंभर एकर. आम्ही वीस नावं एका दुपारी गोळा केली; त्यात सख्खे भाऊ, साडू, एक तर पुण्याला नोकरीला असलेला. अवजारं आली ती अध्यक्षांच्या गोठ्यात गेली आणि तिथेच राहिली. त्यानंतर बैठक म्हणून झाली नाही. दोष अध्यक्षांना देतो खरा, पण हिशेबाची वही कुठे आहे हे मीही कधी विचारलं नाही.

इथे वही मधोमध असते. चहापायी आम्ही सातच्या बैठकीला दहा मिनिटं उशिरा पोचलो. उशिराला वीस रुपये दंड. "पाहुणे हायेत, त्यांचं सोडा. भाऊ, तुमचे काढा," ताई म्हणाल्या. भाऊ गटाचे अध्यक्ष. त्यांनी मुकाट्याने नोट काढली, वहीत नाव चढलं.

पेरणी सावडीने, म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीने राबून करायची, तर कोणाकडे आधी, ह्यावर चांगलीच खडाजंगी झाली. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा कुठे मिटली. मग विषय निघाला शेतकरी उत्पादक कंपनीचा. दहा उत्पादक असले तरी कंपनी नोंदवता येते, आणि शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. तरुण पोरं उत्साहात होती. कोपऱ्यातले आबा एवढंच म्हणाले, "वर्साले ऑडिट करा लागते. सीएची फी कोन देईन?"

कोणी बोललं नाही. ताईंनी प्रश्न वहीत जसाच्या तसा उतरवला, खाली पुढच्या बैठकीची तारीख टाकली आणि वही सह्यांसाठी फिरवली.