दारावरची दोन आडनावं

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आईला नवं घर दाखवत होते. इथे स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला, पत्रं टाकायची फट फ्लॅटच्या दारालाच असते आणि तिच्यावर राहणाऱ्यांची आडनावं. आमच्या दारावर दोन आहेत, माझं आणि त्याचं. फोन तिथवर गेला आणि तिकडे वडोदऱ्याच्या दांडियाबाजारात आईचं लाटणं थांबलं.

"म्हणजे सगळ्यांना कळतं?"

कळतं. पण कोणी भुवया उंचावत नाही, कारण इथे लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडीदाराला रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, सांबो. ऑफिसात ओळख करून देताना तोच, फॉर्मवरही तोच. त्याला इथला परवानासुद्धा माझा सांबो म्हणूनच मिळाला. वडोदऱ्यात एका घरमालकांनी लग्नाचं विचारून हातात दिलेली किल्ली परत घेतली होती. ते अजून सलतं.

"पूर्वीच्या मैत्रीकरारासारखंच ना हे?" आईने विचारलं. लग्नाशिवाय एकत्र राहायला स्त्री-पुरुष कागदावर करायचे ते हे करार, सत्तरच्या दशकात गुजरातेत गाजले होते. पुरुष बहुतेकदा आधीच लग्न झालेला असायचा आणि त्या कागदाला कोर्टात किंमत नव्हती. बाई मात्र नाव गमावून बसायची. आईची भीती मला कळली.

म्हणून तिला इथला कायदा नीट सांगितला. सांबो कायदा २००३ चा. दोघांनी एकत्र राहायला म्हणून घेतलेलं घर आणि घरातलं सामान, अगदी सोफा, जेवणाचं टेबलसुद्धा, पैसे कोणीही भरलेले असोत, वेगळं होताना कर्ज वजा करून निम्मं निम्मं होतं. मात्र वर्षाच्या आत वाटणी मागावी लागते. त्याचं आधीपासूनचं घर असेल तर ते यात येत नाही. बँकेतले पैसे ज्याचे त्याचे. आपल्याकडे २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याने लग्नासारख्या नात्यातल्या बाईला संरक्षण दिलंय, पण घराची अशी सरळ वाटणी नाही.

आणि एक गोष्ट मलाही इथे येऊनच कळली. सांबोला वारसाहक्क नाही. शेजारच्या बाईंचा जोडीदार गेला, तेव्हा त्याची सगळी शिल्लक त्याच्या मुलांकडे गेली. घराचा निम्मा हिस्सा होता म्हणून त्यांच्या डोक्यावर छप्पर राहिलं. मृत्युपत्र करायचं राहून गेलं, एवढंच त्या मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

आई बराच वेळ गप्प होती. मग पोळी तव्यावर टाकत म्हणाली, "तुम्ही केलंत का मृत्युपत्र? नाही ना? मग या आठवड्यात करून टाका. आणि बाबांना मी सांगते."