१ लाख ८० हजारांचं कोटेशन आणि डाव्या दाराची उलटी वायर

गाडी २०१८ ची जर्मन सेडान, सेकंडहँड घेतलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, एकदा नाव आलं की आवाजाचं राहतं बाजूला आणि कुणाची गाडी भारी यावरच जुंपते. ऑडिओ बेस व्हेरियंटचा. पुढच्या दारांत साडेसहा इंची वूफर (खालच्या सुरांचा स्पीकर), आरशाच्या कोपऱ्यात ट्वीटर (वरच्या सुरांचा), मागे दोन स्पीकर, संपलं. ब्रँडवाली सिस्टीम वरच्या व्हेरियंटला होती आणि पहिल्या मालकानं नेमके तिथेच पैसे वाचवले होते.

किडा डोक्यात सोडला तो मेव्हण्यानं. नवीन मर्सिडीज बुक करायच्या आधी मला टेस्ट ड्राइव्हला घेऊन गेला, म्हणाला दाजी तुम्हाला यातलं कळतं, नुसतं ऐकून सांगा. गाडीत बर्मेस्टर कंपनीची ऑडिओ सिस्टीम. मी नेहमीचं टेस्टिंगचं रेकॉर्डिंग लावलं, पुरुष गायकाचा ख्याल, काळी एकच्या पट्टीतला, सुरुवातीला दीड मिनिट नुसता तानपुरा. काळी एकचा मधला सा साधारण १३९ हर्ट्झ, म्हणजे तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या आसपास. तर त्या गाडीत चौथी तार छेडली की मांडीखाली गोधडीसारखं काहीतरी पसरल्यागत व्हायचं. घरी येताना माझ्या गाडीत तेच लावलं तर पहिल्या तीन तारा ठीक, चौथीची नुसती वरवरची जव्हारी ऐकू येतेय आणि खाली पोकळ. ट्वीटर आहे, आवाज आहे, खर्ज नाही.

मग नेहमीचं सुरू. रात्री बारा वाजेपर्यंत व्हिडिओ, सकाळी ऑडिओवाल्याकडे. कोटेशन आलं १ लाख ८० हजार: पुढे कंपोनंट सेट (वूफर आणि ट्वीटर वेगवेगळे), डीएसपी ॲम्प्लिफायर (प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा जुळवता येणारा), डिकीत सबवूफर (फक्त खर्जासाठी), चारही दारांचं डॅम्पिंग (पत्र्याची थरथर दाबणं), लेबर. बायको म्हणाली, एवढ्यात घरातला सोफा बदलून होईल. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून मी तिला "आधी मोजून बघतो" असं सांगून वेळ मारून नेली, आणि खरंच मोजायला बसलो ते बरंच झालं.

पहिलं मोजलं ते गोंगाटाचं. पार्किंगमध्ये इंजिन बंद असताना मोबाइलच्या ॲपवर ४२ डेसिबल. एक्स्प्रेसवेवर १०० च्या स्पीडला ७० च्या आसपास, तिथला रस्ता काँक्रीटचा आहे त्यामुळे टायर सतत घोंघावतात. मोबाइलचा माइक काही लॅबचा नाही हे मान्य, पण फरक बघायला पुरतो. ७० डेसिबलच्या गोंगाटात बारीक डिटेल्स वाहूनच जाणार, सिस्टीम पन्नास हजाराची असो नाहीतर पाच लाखाची. आणि वॉटच्या आकड्यांना भुलणाऱ्यांसाठी (मीही त्यातलाच) साधा हिशोब: पॉवर दुप्पट केली की वाढतात फक्त ३ डेसिबल, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला लागतात साधारण १०, म्हणजे पॉवर दहापट. व्होल्वो एक्ससी९० ची बॉवर्स अँड विल्किन्सवाली सिस्टीम १४०० वॉटची, १९ स्पीकरची. २०० वॉटवाल्यापेक्षा ती कागदावर साडेआठ डेसिबलनं पुढे, म्हणजे दुप्पटसुद्धा नाही. ती चांगली वाजते ते बाकीच्या कारणांनी.

जाळीवरच्या नावाचंही तसंच. बँग अँड ओलुफसेनचा कार ऑडिओचा धंदा हरमननं २०१५ मध्ये घेतला, जेबीएल आणि मार्क लेव्हिन्सन आधीपासून हरमनचेच, आणि खुद्द हरमन २०१७ पासून सॅमसंगच्या घरात. म्हणजे आपण ज्यांच्यावरून तावातावानं भांडतो त्यातले निम्मे चुलतभाऊच आहेत. बर्मेस्टर त्यात नाही, ती बर्लिनची.

दुसऱ्या रविवारी मित्राकडून मोजमापाचा यूएसबी माइक आणला, लॅपटॉपवर आरईडब्ल्यू हे आवाज मोजायचं सॉफ्टवेअर टाकलं, ड्रायव्हरच्या डोक्याच्या जागी माइक बांधला आणि पिंक नॉइज (सगळे सूर मिसळलेला चाचणीचा खरखराट) सोडला. ६० ते ९० हर्ट्झमध्ये खड्डा, जवळजवळ ११ डेसिबलचा. आधी वाटलं छोट्या वूफरची कुवतच तेवढी. मग सहज चाळा म्हणून बॅलन्स पूर्ण उजवीकडे फिरवला, म्हणजे डावे स्पीकर बंद, आणि बास वाढला! एक अख्खी बाजू बंद केल्यावर बास वाढतो? परत मध्ये आणला, गायब. पूर्ण डावीकडे नेला, परत आला. पाच-सहा वेळा गोल गोल फिरवलं, शेजारचे काका गॅलरीतून बघत होते. हे लक्षण पाठ करून ठेवा लोकहो, दोन्ही बाजू एकेकट्या नीट वाजतात आणि एकत्र आल्या की बास मरतो, म्हणजे एका स्पीकरचा कोन (हलणारा पडदा) बाहेर येतोय तेव्हा दुसऱ्याचा आत जातोय. पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस, उलटी.

डाव्या दाराचं ट्रिम, म्हणजे आतलं आवरण, उघडलं. (आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, आणि दाराचे कनेक्टर सुटे असताना इग्निशन अजिबात ऑन करू नका, काही गाड्यांत साइड एअरबॅगचा सेन्सर दारातच असतो, मग डॅशवर लाल दिवा लागतो आणि तो घालवायला वेगळी वारी.) आत बघतो तर उजव्या दारात कंपनीचा स्पीकर रिव्हेटवर बसवलेला, डाव्या दारात कुठलातरी बाजारातला, तीन स्क्रूवर, चौथ्या भोकात काहीच नाही. मूळ कनेक्टर कापलेला, वायरी पिळून काळ्या टेपनं गुंडाळलेल्या आणि टेपचा गोंद सुटून चिकट झालेला. हे दार पूर्वी कधीतरी ठोकून रंगवलेलं आहे हे गाडी घेताना माहीत होतं, तेव्हाच कुणीतरी उरकून टाकलेलं काम. खात्री करायला रिमोटमधला दीड व्होल्टचा सेल घेतला. वायर सोडवून सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला टेकवला की कोन टुक करून बाहेर येतो, तो आला. म्हणजे स्पीकर ठीक, गाडीच्याच दोन वायरी अदलाबदल. उलट्या करून जोडल्या, सोल्डर, वर हीटश्रिंक. खर्च म्हणाल तर शून्य.

त्याच संध्याकाळी परत मोजलं, खड्डा बराचसा भरलेला. तानपुरा लावला. गोधडी नाही म्हणणार, पण चादर तरी पसरली. आणि दुसरं म्हणजे गायक आतापर्यंत गाडीभर कुठेही फिरत होता तो एका जागी येऊन बसला, फक्त जागा चुकीची, माझ्या उजव्या गुडघ्यापाशी.

मग दोन आठवडे ऑफिसनं खाल्ले.

त्यानंतर डॅम्पिंग, पुढची दोनच दारं, स्वतः. २ मिलिमीटरची ब्यूटाइल शीट, आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पत्रा पुसायचा, रोलर फिरवायचा. बाहेरचा पत्रा अख्खा मढवायची गरज नाही, मधोमध मोठा तुकडा लावला तरी टिचकीचा आवाज टण्ण वरून ठप्प वर येतो. खरं काम आतल्या पत्र्याच्या भोकांचं. ती बंद केली की दार डब्यासारखं होतं आणि वूफरच्या पाठीमागची हवा पुढे गळत नाही. खालची पाणी जायची भोकं मात्र चुकूनही बुजवू नका, आपल्या पावसात दाराचा हौद होईल. काच खाली-वर करून बघा आणि मगच ट्रिम लावा, मी एकदा लावून परत काढलंय. खर्च सुमारे ४ हजार, शिवाय दोन बोटं कापली. जुने पार्ट विकणाऱ्याकडून डाव्या दारासाठी कंपनीचा स्पीकर मिळाला २२०० ला, त्यामुळे दोन्ही बाजू एकसारख्या झाल्या.

आता उरला गुडघ्यावरचा गायक. मित्राचा डीएसपी आठवडाभर उसना आणला. माझ्या कानापासून उजवा ट्वीटर ८० सेंटिमीटर, डावा १३५. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे डावा मला १.६ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. उजव्याला तेवढाच थांबवला, वूफरचंही अंतर मोजून तसंच केलं. आणि गायक गुडघ्यावरून उठून बॉनेटच्या मध्यावर जाऊन बसला हो! ढोलकीचं एक रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे, त्यात शाईवरची टीप आणि धुमाची घुमक आता एकाच माणसाच्या दोन हातांतून येतात, आधी दोघं दोन वेगवेगळ्या दारांत बसून वाजवत होते. बायकोला शेजारी बसवलं तर तिच्या सीटवर सगळं बिघडलेलं, कारण डिले माझ्या सीटचा. ती म्हणाली, म्हणजे पैसे घरातले आणि गाणं एकट्या तुझ्यासाठी. बरोबरच आहे तिचं. दोघांसाठी वेगळा प्रीसेट करावा लागेल.

तर निर्णय. १ लाख ८० हजार रद्द. सबवूफर नको, नवीन कंपोनंट सेट सध्या नको. डीएसपी ॲम्प्लिफायर घेणार, गाडीची वायर न कापता प्लगनं जोडला जाणारा, बजेट ४० हजार. एवढ्या सगळ्यात पैसे मोजून घ्यावीशी वाटली ती हीच एक वस्तू, आणि तीही वायर सरळ झाल्यावर, कारण उलट्या वायरीवर दोन लाखाचं सामान चढवलं असतं तरी कुणी बॅलन्स फिरवून बघितलं नसतं.

मेव्हण्याला मात्र मी उलटं सांगितलं, बर्मेस्टर घे. नवीन गाडीचं गणित वेगळं. मर्सिडीजनं वूफर दारात न ठेवता पायाशी बॉडीच्या पोकळीत बसवायची जी पद्धत काढली ती बाहेरून कोण करून देणार? आणि जर्मन गाड्यांत आवाज बऱ्याचदा फायबर ऑप्टिकवरून ॲम्प्लिफायरला जातो, तिथे नंतर हात घालायचा म्हणजे कोडिंगपासून सुरुवात. शिवाय वॉरंटी. पण त्याला एक अट घातली, डेमो शोरूममधल्या उभ्या गाडीत घ्यायचा नाही, हायवेवर ८० च्या पुढे घ्यायचा, आपल्याच मोबाइलवरून, वायर लावून. ब्लूटूथवर ऐकून पैसे द्यायचे नाहीत. त्यानं ऐकलं आणि "फरक आहे पण ओरडण्याइतका नाही" म्हणाला. तरी घेतोय.

माझ्याकडे सध्या नवीन भानगड, खर्ज परत आल्यापासून मागची नंबरप्लेट ६५ ते ७० हर्ट्झला खडखडतेय, नेमकी तानपुऱ्याच्या चौथ्या तारेला साथ देत. फोमची डबल टेप आणून ठेवलीय, रविवारी बघतो.